पावडर नाकात ओढू नका : ती आग म्हणजे शरीराने दिलेली ताकीद आहे

तरुण मित्रमैत्रिणींनो, तुमच्या आईवडिलांनो, आणि केमिस्ट, हॉस्टेलचे रेक्टर, पार्ट्यांचे आयोजक अशा सगळ्यांनो,

हे आवाहन एकाच मागणीसाठी आहे. टूसी-बी, टूसी, एमडी किंवा आणखी कोणत्याही नावाने हातात पडलेली पावडर नाकात ओढू नका. ओढून झाली असेल आणि नाकात आग होत असेल, तर दुसरी लाइन ओढू नका. डोळ्यांतून पाणी काढणारी, कपाळापर्यंत ठणकत जाणारी ती वेदना ‘पहिल्यांदा होतंच’ म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही. तिचा अर्थ काय, ती का होते आणि तिच्याकडे काणाडोळा केल्यावर काय होते, हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे.

वर्षअखेर जवळ आली, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या आणि पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटमधल्या रात्री सुरू झाल्या, की त्यानंतरच्या आठवड्यांत एक ठरावीक तक्रार घेऊन मुले येतात. “डॉक्टर, सायनसचा त्रास आहे.” वय वीस-बावीस. अनेकदा सोबत आई असते. नाकात दुर्बीण घातली की समोर दिसतो तो मधला पडदा : लालभडक सुजलेला, पुढच्या भागावर वाळलेल्या रक्ताची काळपट खपली, आणि खपलीच्या कडेला पांढुरकी, रक्त नसलेली जागा. साध्या सायनसमध्ये खपल्या अशा नेमक्या त्याच जागी एकवटत नाहीत. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून विचारले, “काही ओढतोस का?” की आधी शांतता, मग मान खाली. “जळलं नाही का?” “सर, ॲसिड ओतल्यासारखं झालं.” “मग पुन्हा का ओढलंस?” उत्तर असे येते : “सगळे म्हणाले, टूसी-बीचं असंच असतं. आग झाली म्हणजे माल ओरिजिनल.”

ही समजूत तरुण मुलांना खड्ड्यात नेते आहे. ती खोडून काढण्यासाठी नाकाच्या आत काय घडते ते नीट पाहू.

नाकात आग का होते

नाकपुडीच्या आत जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर केसाळ कातडी संपते आणि ओलसर, गुलाबी अस्तर सुरू होते. या अस्तरावर शेंबडाचा पातळ थर असतो. शेंबूड म्हटले की आपण नाक मुरडतो, पण फुप्फुसांचा पहिला पहारेकरी तोच. त्याच्या खाली डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि अडकलेली धूळ, जंतू, परागकण मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे ढकलत राहतात. आपण झोपलेले असतानाही हे काम चालू असते.

अस्तराच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकूनच वेदना जाणणाऱ्या नसांची टोके असतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्ह, हिच्या त्या शाखा आहेत. कपाळ, डोळे, गाल आणि वरचे दात यांची वेदनाही हीच नस वाहून नेते. म्हणून पावडर ओढली नाकात आणि सणक गेली डोळ्यामागे, दातांत, कपाळात, असे होते. डोळ्यांतून आपोआप पाणी येते तेही याच नसेने चेतवलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे.

आता या टोकांवर पावडर पडली की एकाच वेळी चार गोष्टी घडतात.

पहिली, आम्ल. टूसी-बी, मेफेड्रॉन (म्हणजेच एमडी), केटामाइन यांसारखे पदार्थ पावडरच्या रूपात बहुतेक वेळा हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून विकले जातात. हा क्षार ओलाव्यात विरघळला की आम्लधर्मी द्रावण तयार होते. ग्लासभर पाण्यात ते जाणवणारही नाही. पण नाकातला ओलावा थेंबा-दोन थेंबांचा, आणि सगळी पावडर नखाएवढ्या जागेवर. तिथे ते दाट होते. मिरचीची फोडणी करपली की स्वयंपाकघरापासून दिवाणखान्यापर्यंत सगळ्यांना ठसका लागतो, नाक झोंबते. तो झोंबरेपणा नसांच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीमुळे जाणवतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राही १९९७ मध्ये शोधून काढला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाच ग्राही मिरचीने उघडतो, सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढच्या उष्णतेने उघडतो आणि आम्लानेही उघडतो. म्हणजे ‘जळतंय’ ही भावना भास नसते. चटका बसल्यावर जी तार वाजते, नेमकी तीच तार इथे वाजत असते.

दुसरी, पाण्याची ओढाताण. कोरडी, दाट पावडर आजूबाजूच्या पेशींतून पाणी खेचून घेते. पेशी आक्रसतात, सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, आणि नसांची टोके या ताणालाही वेदना म्हणूनच नोंदवतात. एरवी जो थर घाण वाहून नेतो, तोच तिथे खोळंबतो. पावडर लवकर निघून जाण्याऐवजी अस्तराला चिकटून राहते.

तिसरी, स्फटिकांच्या कडा. कितीही बारीक केली तरी पावडर म्हणजे स्फटिकांचे तुकडे. जोराने ओढलेल्या हवेबरोबर ते थेट मधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर आपटतात. तिथे पाच रक्तवाहिन्यांचे जाळे एकत्र येते. उन्हाळ्यात मुलांच्या नाकातून जिथून घोळणा फुटतो, तीच ही जागा. अस्तर इथे अतिशय पातळ असते, ते खरवडले जाते आणि रक्त येते.

चौथी, पुडीतली घाण. हे पदार्थ औषधनिर्मितीच्या शिस्तीत बनत नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रॉन पकडले, हे आपण सगळ्यांनी वाचले आहे. चोरून, घाईने केलेल्या अशा मालात प्रक्रियेतली आम्ले आणि द्रावके उरलेली असू शकतात. पुढे प्रत्येक हातात तो वाढवला जातो, त्यात काय मिसळले ते फक्त मिसळणाऱ्याला ठाऊक. हे सगळे जाते त्याच उघड्या, ओरखडलेल्या अस्तरावर.

यानंतर शरीर प्रत्युत्तर देते. चेतलेल्या नसा स्वतःच काही रसायने सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजते, पाणी सुटते, नाक चोंदते. दुसऱ्या दिवशी ‘सर्दी झालीय’ असे जे वाटते ती सर्दी नसते. अस्तराला झालेली जखम आणि तिची सूज असते ती.

वेदनेवरून माल ओळखता येत नाही

टूसी-बी हा पदार्थ अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांनी १९७४ मध्ये प्रथम बनवला. त्याने दिसणारे रंग-आकार बदलतात, ऐकणे-पाहणे बदलते. नाकातून ओढल्यास तो भयंकर जळतो, ही त्याची ख्याती वापरणाऱ्यांमध्येच पसरलेली आहे. त्या ख्यातीतूनच ‘आग म्हणजे अस्सल’ हे समीकरण जन्मले. पण वर सांगितलेली चार कारणे पुन्हा पाहा. त्यातले एकही कारण पुडीत काय आहे ते सांगत नाही. आम्लधर्मी कोणताही क्षार जळेल. दाट असलेली कोणतीही पावडर पाणी खेचेल. मेफेड्रॉन जळते, भेसळ जळते, नीट न धुतलेला माल तर अधिकच जळतो. नसेला चटका कळतो, चटका देणाऱ्याचे नाव कळत नाही.

उलटी समजूतही तेवढीच घातक : ‘आग झाली नाही, म्हणजे माल सौम्य आहे.’ कोकेनचे उदाहरण घ्या. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचे थेंब वापरले आणि जागा बधिर करण्याच्या औषधांचे युग सुरू झाले. कोकेन नसेचा संदेशच अडवते, म्हणून नाक बधिर होते. त्याच वेळी ते रक्तवाहिन्या आवळते. वेदना नाही आणि रक्तपुरवठाही नाही, अशा अवस्थेत अस्तर मरत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. कोकेन ओढणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला, काहींच्या तर टाळूलाही आरपार भोक पडते, ते यामुळे. विक्रेते पावडरीत बधिर करणारी औषधे मिसळतात, त्यांनीही ओढणाऱ्याला चटका कळत नाही.

म्हणून मित्रांनो, आग कमी करण्याच्या युक्त्या शोधू नका. कोणी सांगेल, आधी हा स्प्रे मार. कोणी सांगेल, अमुक जेल लाव. अशा युक्तीने पावडर निरुपद्रवी होत नाही. फक्त तुम्हाला थांबवणारा एकमेव आवाज बंद होतो.

नाकाच्या वाटेला परतीचा रस्ता नाही

तोंडावाटे गेलेला पदार्थ पोटातून, आतड्यातून आणि यकृतातून जातो. यकृत आणि आतड्यातली विकरे त्यातला काही भाग मोडून टाकतात. वेळ लागतो, आणि निदान उलटीने काही बाहेर पडू शकते. याचा अर्थ गिळणे सुरक्षित आहे असा अजिबात नाही. पण नाकातून ओढले की ही सगळी राखण ओलांडली जाते. अस्तराखालच्या केशवाहिन्यांतून पदार्थ थेट रक्तात जातो, काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. ओढलेले परत काढता येत नाही. शिवाय उरलेला भाग शेंबडाबरोबर घशात उतरतो, कडवट चव येते, आणि तो पोटातून उशिरा रक्तात चढतो. ‘अजून काही जाणवत नाही’ म्हणून जो दुसरी लाइन ओढतो, त्याच्यावर दोन्ही लाटा एकदम कोसळतात.

हे घडलेले आहे. २००० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात वीस वर्षांच्या एका तरुणाने टूसी-टी-सेव्हन नावाची, टूसी-बीच्याच कुळातली पावडर नाकातून ओढली. काही तासांत तो गेला. त्या देशाने २००२ मध्ये त्या पदार्थावर तातडीची बंदी आणली.

मग आला एनबोम. टूसी-बीच्या कुळातल्या रेणूला एक जोड देऊन तो प्रयोगशाळेत तयार झाला. मेंदूतल्या ग्राहींचा अभ्यास करता यावा, एवढाच त्या संशोधनाचा हेतू होता. तो बाजारात उतरला, कधी कागदाच्या तुकड्यांवर एलएसडी म्हणून, कधी पावडर म्हणून. त्याची मात्रा मिलिग्रॅमच्याही खाली मोजावी लागते. डोळ्यांना मिठाचे काही कण दिसतात तेवढ्यात खेळ संपतो. घरातल्या कोणत्याही वजनकाट्यावर एवढे मोजताच येत नाही. २०१२ च्या जूनमध्ये नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स भागात सतरा आणि अठरा वर्षांची दोन मुले त्याने मेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संगीत महोत्सवात एकवीस वर्षांच्या तरुणाने नाकात त्याचा थेंब घेतला आणि तो वाचला नाही. पोटातून जाताना या पदार्थाचा मोठा भाग मोडला जातो. नाकातून जाताना तो मोडणारे कोणीच वाटेत नसते. शरीराचे तापमान भडकते, झटके येतात, स्नायू मोडतात, मूत्रपिंडे बंद पडतात. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मनोप्रभावी पदार्थांविषयीच्या १९७१ च्या करारात या गटातले तीन पदार्थ सर्वांत कडक यादीत टाकले गेले.

आज ‘टूसी’ म्हणून जी गुलाबी पावडर फिरते, तिच्या नावात टूसी असले तरी पुडीत टूसी-बी क्वचितच असते. युरोप-अमेरिकेत तपासलेल्या नमुन्यांत बहुधा केटामाइन आणि एमडीएमए यांचे मिश्रण सापडते, कधी कॅफीन, कधी आणखी काही. रंग खाण्याच्या रंगाचा. एक पदार्थ शरीर सैल आणि बधिर करतो, दुसरा हृदय आणि तापमान चढवतो, आणि प्रत्येक पुडीतले प्रमाण वेगळे. नेदरलँड्समध्ये १९९२ पासून पुडी तपासून आत काय आहे ते सांगणारी अधिकृत व्यवस्था आहे. पार्टीला जाणाऱ्या आपल्या मुलांना अशी सोय नाही. त्यांच्यापाशी असते ती फक्त विकणाऱ्याची जीभ.

नाकात नंतर काय उरते

मधल्या पडद्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही बाजूंच्या अस्तरातून झिरपणाऱ्या रसावर ती जगते. अस्तर दोन्हीकडून मेले की कूर्चा उपाशी मरते आणि भोक पडते. ते भोक आपोआप भरून येत नाही. श्वास घेताना नाक शिटीसारखे वाजू लागते, खपल्या धरतात, दुर्गंधी येते, पुढे नाकाचा दांडा खचतो. शस्त्रक्रिया होऊ शकते, पण अवघड असते, आणि ओढणे पूर्ण थांबल्याशिवाय ती करण्यात अर्थ नसतो.

चोंदलेले नाक मोकळे करायला मुले केमिस्टकडून थेंब आणतात. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब आठवडाभरापेक्षा जास्त वापरले की ते उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. मग थेंबांचेच व्यसन लागते, आणि आधीच जखमी असलेल्या अस्तराच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

एकच नळी किंवा गुंडाळलेली नोट सगळ्यांनी वापरणे, यातला धोका तर कोणी मोजतच नाही. खरवडलेल्या नाकातले रक्त त्या नळीला लागते. हेपटायटिस सीचा विषाणू अशा वापरणाऱ्यांच्या नाकातल्या स्रावात आणि त्यांच्या नळ्यांवर सापडलेला आहे. हा आजार वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतो. ज्यांनी कधी नळी वाटून घेतली असेल, त्यांनी रक्ताची तपासणी करून घ्यावी. आज त्यावर गोळ्यांनी बरा करणारा उपचार आहे.

आत्ता ओढले असेल, तर काय करावे

थांबा. दुसरी लाइन नाही, वर दारू नाही, झोपेची गोळी नाही. एकटे राहू नका, न घेतलेल्या कोणाला तरी सांगून त्याच्याजवळ बसा.

नाकात जळजळ असेल तर नाक जोराने शिंकरू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून, जलनेतीला करतात तसे, हलक्या हाताने धुता येते. पाणी उकळलेलेच हवे, नळाचे थेट नको. नाकात तूप, मोहरीचे तेल, बाम यांतले काही घालू नका. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते.

रक्त येत असेल तर ताठ बसा, डोके किंचित पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटे सलग दाबा, तोंडाने श्वास घ्या. डोके मागे टाकू नका, कांदा हुंगवू नका. वीस मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठा.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणभरही वाट पाहू नका, १०८ किंवा ११२ ला फोन करा :

- अंग तव्यासारखे तापणे, किंवा स्नायू ताठरणे
- झटके येणे
- छातीत दुखणे, हृदय बेफाम धडधडणे
- अनावर भीती, अंगावर धावून जाणे, कोणालाही न ओळखणे
- हाक मारूनही जागे न होणे, श्वास मंद होणे, ओठ निळे पडणे

रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला गार जागी न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, पंखा लावा. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. जबरदस्तीने दाबून, बांधून ठेवू नका. त्या धडपडीत तापमान आणखी चढते. लिंबूपाणी, दूध, मिठाचे पाणी तोंडात ओतू नका आणि उलटी करायला लावू नका.

डॉक्टरांना खरे सांगा. काय घेतले, केव्हा, नाकातून की तोंडातून, सोबत दारू होती का, नैराश्याची औषधे चालू आहेत का. ही औषधे आणि हे पदार्थ एकत्र आले तर काही वेळा जिवावर बेतते, म्हणून हा शेवटचा प्रश्न लपवू नका. पुडी किंवा कागदाचा तुकडा उरला असेल तर डॉक्टरांना दाखवा. पोलिसांच्या भीतीने मित्राला खोलीत ‘उतरेल सकाळी’ म्हणून झोपवून ठेवू नका. अशा खोल्यांतून सकाळी सगळेच उठत नाहीत.

जीव धोक्यात नसला तरी दोन-तीन दिवसांत वेदना कमी झाली नाही, वारंवार रक्त आले, नाकाला वास येईनासा झाला, शिटी वाजू लागली, डोळ्याभोवती सूज आली किंवा ताप चढला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे या. आमच्यासाठी तुम्ही रुग्ण आहात. तुमचा न्याय करायला आम्ही बसलेलो नाही.

ज्यांच्या हातात काही आहे, त्यांना

पालकांनो, सतत चोंदलेले नाक, उशीवर रक्ताचे डाग, कपाटात थेंबांच्या रिकाम्या बाटल्या, कापलेले स्ट्रॉ, गुंडाळीचा आकार धरलेल्या नोटा दिसल्या तर आरडाओरडा करू नका आणि दुर्लक्षही करू नका. ‘नाक दुखतंय का?’ या प्रश्नापासून सुरुवात करा. मुलगा शरीराच्या तक्रारीबद्दल बोलतो, आरोपाबद्दल बोलत नाही. त्याला डॉक्टरकडे नेताना काही मिनिटे एकट्याला बोलू द्या.

केमिस्ट बंधूभगिनींनो, तोच तरुण पुन्हा पुन्हा नाकाचे थेंब मागत असेल तर बाटली देण्याआधी एक वाक्य बोला : “आठवड्याच्या वर वापरू नकोस, डॉक्टरला दाखव.” गावात, गल्लीत त्याला भेटणारा पहिला आरोग्यसेवक तुम्हीच आहात.

डॉक्टर सहकाऱ्यांनो, तरुण रुग्णाच्या पडद्यावर खपली दिसली की विचारा. न रागावता, आईवडिलांच्या माघारी, थेट विचारा. प्रतिजैविकांची तिसरी चिठ्ठी लिहिण्यापेक्षा तो एक प्रश्न जास्त कामाचा आहे.

आयोजकांनो, पिण्याचे पाणी फुकट ठेवा, बसायला गार आणि शांत जागा ठेवा, प्रशिक्षित वैद्यकीय पथक ठेवा, आणि कोणी कोसळला तर त्याला गेटबाहेर काढण्याऐवजी पथकाकडे न्या.

आणि मित्रांनो, गटात ‘मी नाही घेत’ म्हणणाऱ्याला भित्रा म्हणू नका. रात्र बिघडली तर १०८ ला फोन करणारा तोच असणार आहे.

सवय लागली असेल तर मदत आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क हेल्पलाइन आहे, अमली पदार्थांविषयी मानस हेल्पलाइन १९३३ आहे, आणि मन सैरभैर झाले असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करते आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही जाता येते. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ हेही ध्यानात ठेवा : व्यसनी व्यक्ती केवळ सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात असेल आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर कायदा तिला खटल्यापासून संरक्षण देतो. कायद्याने हे दार उघडे ठेवले आहे, त्याचा उपयोग करा.

नाकातली वेदना हा शरीराने अगदी सुरुवातीला दिलेला इशारा असतो. त्यानंतरचे इशारे झटक्यांच्या, तापाच्या आणि बेशुद्धीच्या रूपात येतात, आणि तेव्हा निर्णय तुमच्या हातात राहिलेला नसतो. म्हणून या आठवड्यात कुठे जाणार असाल तर जाण्याआधी मित्रांशी एवढे ठरवून जा : पावडर नाकात ओढायची नाही, कोणी ओढली तर त्याला एकटे सोडायचे नाही, आणि काही बिनसले तर आधी १०८, मग बाकी सगळे. हा मजकूर तुमच्या कॉलेजच्या, सोसायटीच्या, मित्रांच्या ग्रुपवर आजच पाठवा.